श्रीदेवीअव्वांचे चॅनेल

लग्न होऊन केमला आल्या तेव्हा श्रीदेवीअव्वांना मराठीत दोनच गोष्टी जमायच्या, पाणी मागणं आणि नको म्हणणं. माहेर अक्कलकोटच्या पलीकडं, पार सीमेला लागून. तिथं घरात, रानात, देवळात सगळीकडं कन्नड. नवरा सिद्धलिंगप्पा रेल्वेत गँगमन. बदलीवर केमला आला, रुळांच्या शेजारी दोन पत्र्याच्या खोल्या बांधल्या आणि मग तिथून हलायचं नावच काढलं नाही. गावात कन्नड बोलणारं दुसरं घर नव्हतं. नवराबायको घरात कन्नड बोलत, उंबऱ्याबाहेर मराठी. अव्वांची मराठी पुढं सुधारली, पण बाजारात लागेल तेवढीच. त्यामुळं गावानं ठरवून टाकलं, बाई अबोल आहे.

मुलगा रेवण शाळेत गेला, पोरं त्याच्या बोलण्याला हसली, आणि त्यानं कन्नड सोडलं ते सोडलंच. आईचं सगळं समजायचं त्याला, उत्तर मात्र मराठीत. मग सिद्धलिंगप्पा गेले. माहेरच्या बहिणीशी फोनवर बोलणं व्हायचं, तर तिलाही ऐकू येईनासं झालं. अव्वांच्या कानाला कन्नड उरलं ते टीव्हीतलं. छपरावरच्या छोट्या डिशवर दोन-तीन कन्नड चॅनेल लागत. सकाळी विजयपूरच्या बाजारातला कांद्याचा भाव, दुपारी कुठलीशी मालिका. अव्वा बघायच्या कमी. भाकरी थापताना, शेंगा फोडताना ते चालू असलं की त्यांना पुरत असे.

यंदा उन्हाळ्यात वावटळ आली आणि डिश हलली. टीव्ही निळा पडला. टेंभुर्णीच्या कारखान्यातली पाळी करून आलेला रेवण तसाच वर चढला, डिश इकडं-तिकडं पिळली. मराठी बातम्या लागल्या तसा खाली उतरला. कन्नड चॅनेल काही लागले नाहीत. अव्वांनी सांगितलं, तर तो जेवता जेवता म्हणाला, "बाकीचे ढीगभर लागत्यात की. त्येच बघ." त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. दमला होता. अव्वांनी पुन्हा विषय काढला नाही. टीव्ही लावणंही सोडलं.

सून सुवर्णा करमाळ्याकडची. सासूशी तिचं भांडण कधी झालं नाही, तशी गप्पाही कधी झाली नाही. सासूचा स्वभावच तसा, असं तिनंही धरलं होतं. एका दुपारी ती वाळत घातलेले कपडे काढायला मागं गेली, तर अव्वा रुळांच्या कडेला बाभळीखाली उभ्या. समोर दक्षिणेकडून आलेली गाडी सिग्नलला थांबली होती. डब्यात दोन बाया जागेवरून कडाकडा भांडत होत्या, कन्नडमध्ये. अव्वा खाली उभ्या राहून ते भांडण ऐकत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. गाडी हलली, आवाज लांब गेला, तरी त्या तिथंच.

"आत्या, कुणी वळखीचं हुतं का?" सुवर्णानं विचारलं.

"न्हाय गं. उगंच."

सुवर्णा कपडे घेऊन घरात आली आणि तिला एकदम टीव्हीची आठवण झाली. रेवणला न विचारता तिनं करमाळ्याच्या मुबीनला फोन लावला.

मुबीन डिश बसवायचं, दुरुस्तीचं काम करायचा. मोटारसायकलला पिशवी अडकवून दुसऱ्या दिवशी सकाळीच आला. छपरावर जाण्याआधी त्यानं रिमोट घेऊन सगळे चॅनेल फिरवून पाहिले. कन्नड तर गेलेलेच होते, पण त्यांच्याबरोबर पिक्चरचे, भजनाचेही बरेच गेले होते. घरात कुणाच्या ते ध्यानात आलं नव्हतं.

"मावशी, तुमच्याच भाषेवर राग न्हाय डिशचा," तो म्हणाला. मग त्यानं समजावून सांगितलं. डिशच्या तोंडापुढं जी डबी असते, तिला करंट खालच्या बॉक्समधून वायरीवाटे जातो. काही चॅनेल कमी करंटवर येतात, काहींना जास्त लागतो. वायर कुठं खराब झाली, की जास्तीचा करंट वर पोचत नाही आणि तेवढेच चॅनेल जातात. डिश कितीही फिरवा, उपयोग नाही.

तो वायर हातानं चाचपत निघाला. पत्र्याच्या कडेखाली जोड सापडला. मागची खोली वाढवली तेव्हा वायर अपुरी पडली होती आणि रेवणनं तिला तुकडा जोडून वर टेप गुंडाळली होती. टेप सोडली तर आत पाणी मुरून तांब्याची तार हिरवी पडलेली. मुबीननं तो भाग कापून टाकला, अखंड नवी वायर ओढली, दोन्ही टोकांना नवे कनेक्टर लावले.

टीव्हीवर कन्नड बाई दिसली, पण चौकोन चौकोन होऊन तुटत होती. डिशही जरा सरकलेली होती. मुबीन पाना घेऊन वर गेला आणि अव्वांना म्हणाला, "तुमी दारात थांबा. आलं की आलं म्हणा, गेलं की गेलं म्हणा."

त्यानं डिश केसभर आग्नेयेकडं ढकलली. आत चित्र स्वच्छ झालं, बाईचा आवाज खणखणीत आला. अव्वा दारातून ओरडल्या, "बंतु! बंतु!"

मुबीनला ऐकू आलं, बंद. त्यानं घाईनं डिश मागं घेतली.

"होतु! होतु!" अव्वांचा आवाज रडवेला झाला.

होतंय म्हणत्यात, असं समजून मुबीननं तिकडंच आणखी रेटली. टीव्ही निळा. आता अव्वा अंगणात धावल्या आणि दोन्ही हात वर करून त्याला भराभरा काहीबाही सांगू लागल्या. शब्दावर शब्द, एक दम न घेता. सुवर्णा चुलीपुढून उठून बाहेर आली ती बघतच राहिली. एवढं मोठ्यानं, एवढं सलग बोलताना तिनं सासूला कधी पाहिलं नव्हतं.

"मावशी, बंद झालं का चालू झालं?" मुबीन वरून विचारत होता.

अव्वा थांबल्या. आपण काय करतोय ते त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. "बंतु म्हंजी आलं रे बाबा," त्या म्हणाल्या. "होतु म्हंजी गेलं."

मुबीन डिश धरून हसत सुटला. "मी बरोबर उलटं करत हुतो की. ऱ्हाऊ द्या, तुमी तसंच बोला. घरात आमी बी वेगळंच बोलतो. आता कळलं मला."

मग त्यानं पुन्हा हलक्या हातानं डिश फिरवली, अव्वांनी बंतु म्हटलं आणि त्यानं नट आवळले. जाताना रिमोटनं टीव्हीवर सिग्नलच्या दोन पट्ट्या कशा बघायच्या ते दाखवलं. दाट ढगात चित्र गेलं तर डिशला हात लावू नका, ढग सरले की आपोआप येईल, असंही बजावलं.

संध्याकाळी सुवर्णा मेथीची जुडी घेऊन टीव्हीपुढं बसली. मालिकेतली एक म्हातारी कुणावर तरी तडकली होती. "काय म्हणती ती?" सुवर्णानं विचारलं. अव्वांनी एका वाक्यात सांगितलं. सुवर्णानं पुढचं विचारलं. मग त्या म्हातारीची सून, तिचा दीर, वाटणीची जमीन, असं करत अव्वा मागचं सगळं सांगत बसल्या. मराठी अडली की कन्नड, कन्नड सुवर्णाला कळलं नाही की हातवारे. मेथी तशीच राहिली.

रेवण पाळीवरून आला, तर दोघी मान वळवेनात. त्यानं जेवायला मागितलं. अव्वांनी टीव्हीवरची नजर न काढता त्याला कन्नडमध्ये सांगितलं, आपलं आपण वाढून घे. तो आत जाऊन ताट घेऊन आला आणि आईच्या शेजारी जेवायला बसला.