सवतीचा टाक

माझ्या आईचा फोटो नव्हता. आमच्या मुळशीच्या खोऱ्यात तेव्हा फोटोवाचून कुणाचं काही अडत नसे. मी तीन वर्षांची असताना ती गेली आणि मागे उरला रुपयाएवढा चांदीचा टाक. तोही ती गेल्यावर केलेला. वडिलांचं दुसरं लग्न ठरलं तेव्हा आत्याने पौडच्या सोनाराकडून पत्र्यावर बाईची आकृती ठसवून आणली आणि नव्या नवरीच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात बांधली. मेलेल्या सवतीला असं गळ्यात वागवायचं, ही आमच्याकडची रीत. नवं लुगडं आधी तिला लावायचं, सणाचा घास आधी तिला दाखवायचा, मग आपण. चुकलं तर ती कोपते.

ही दुसरी कासारसाईची. मी तिला मावशी म्हणायची. वाईट नव्हती हो; माझ्या डोक्यातल्या उवा तिनेच काढल्या. पण माझी आई तिच्या गळ्यात आणि माझ्याकडे काहीच नाही, याचा मला इतका राग यायचा की तिने दिलेली भाकरीसुद्धा मी पाठ करून खायची.

मी आठ वर्षांची होते आणि मावशीला सातवा महिना. एका दुपारी दोरा विटला म्हणून तिने टाक काढून कोनाड्यात ठेवला आणि नवा दोरा मागायला शेजारी गेली. मी तो उचलला आणि परकराच्या नेफ्यात खोचला. आई माझी, मग चोरी कसली!

घर पालथं घातलं. चुलीतली राखसुद्धा चाळली. आत्या म्हणाली, "ती आपल्या पायानं गेली. आता काय धडगत न्हाई." त्या दिवसापासून मावशीला घास गिळेना. पाय सुजले, बोट दाबलं की खड्डा राही. घरातले तिच्याकडे असे बघत, जणू तिचा निकाल लागलाच. टाक परत ठेवला की सगळं मिटेल, हे मला कळत होतं. पण मला बरंही वाटत होतं. आई माझ्याकडे आली होती आणि सगळं घर तिला भीत होतं.

मग एक दिवस मावशी परसात माझ्याजवळ येऊन बसली. तिला माझा संशय नव्हता. मेलेली आई लेकीचं ऐकते, एवढंच तिच्या मनात होतं.

"तिला सांग बाय, मी तुला कदी उपाशी निजवलं न्हाई. तुझं ऐकंल ती."

मी डोळे मिटले, थोडी थांबले आणि म्हणाले, "सांगितलं. ती न्हाई म्हनती."

मावशी पदर सावरत उठली. पंधरा दिवसांत बाळंत होता होता ती गेली. पोरही गेलं.

वर्षाच्या आत वडिलांचं तिसरं लग्न ठरलं. आत्याने मावशीचाही टाक करून आणला आणि देव्हाऱ्यात ठेवला. मी भीतीने माझ्याजवळचा टाक गुपचूप त्याच्याशेजारी नेऊन ठेवला. "आली गं बया परत," म्हणत आत्याने दोन्ही टाक चिंचेने लख्ख घासले. सोनाराचा ठसा एकच, त्यामुळे दोघी हुबेहूब.

लग्नानंतरच्या पहिल्याच सणाला नवीने मला हाक मारली. तिच्या गळ्यात एकाच दोऱ्यात दोघी होत्या, हातात पुरणपोळीचा घास. मान आधी थोरलीचा, मग धाकटीचा.

"यातली तुझी आई कंची?" तिने विचारलं.

मी एकीवर बोट ठेवलं. कुणावर, ते मला आजही ठाऊक नाही.