येसाजीच्या कोंबड्या आणि तांब्याचा बंब

माझा मेहुणा येसाजी म्हणजे पोत्यांची तोंडं शिवण्यात उमेदीची वर्षं घालवलेला माणूस. रसायनीच्या एका कारखान्यात तो पॅकिंग खात्यात होता. आत काय शिजतं, कशात काय मिसळतात, हे त्याला कोणी सांगितलं नाही आणि त्यानंही विचारलं नाही. भरलेलं पोतं पट्ट्यावरून समोर यायचं, तो त्याचं तोंड शिवायचा आणि शिवता शिवता त्यावर छापलेलं नाव मोठ्यानं वाचायचा. झिंक सल्फेट. मँगनीज सल्फेट. कॉपर सल्फेट. देवळात नामजप करावा तसं. मोहोपाड्याला त्याच्या खोलीवर गेलं की तो चहाबरोबर ही नावं ऐकवायचा आणि मी मान डोलवायचो, कारण मला ती सगळी ठाऊक आहेत असा माझा समज होता. कर्जतला माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. मी नववी-दहावीच्या विज्ञानाची गाईडं विकतो. इतकी वर्षं गाईडं विकल्यावर विज्ञान आपोआप अंगात उतरतं, असं मी धरून चाललो होतो.

पुढे कारखान्याचं ते खातं बंद झालं आणि येसाजी पळसदरीजवळ गावी येऊन बसला. बसला म्हणजे नुसता बसला नाही. हाताला सवय शिवायची, त्यामुळे त्यानं दाभण आणि सुतळी घेतली आणि घरातल्या उशा, गोणपाटं, खिडकीचे पडदे, जे दिसेल ते शिवून टाकलं. एकदा भागूबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, बाजाराची पिशवी उचलली तर तिचं तोंडच बंद. रिकामा माणूस आणि दाभण एका घरात ठेवू नये, असं ती तेव्हापासून म्हणते. त्याचं बोलणंही कमी झालं होतं. त्याची बहीण शकू, म्हणजे आमची बायको, माहेरून येताना डोळे पुसत यायची.

मग त्यानं खाचराच्या कडेला ब्रॉयलर कोंबड्यांची शेड बांधली. या धंद्याची रीत अशी की पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं. शेड, पाणी आणि काळजी तेवढी आपली. कोंबड्या वाढल्या की कंपनी टेंपो लावून नेते आणि वजनावर मजुरी देते. यातला काळजी हा भाग येसाजीला असा काही जमला की तो पुन्हा माणसांत आला. खाद्याचं पहिलं पोतं उतरलं तेव्हा त्यानं त्यावरचं छापील वाचलं. जस्त, मँगनीज, तांबं, लोह, आयोडीन, सेलेनियम. मी शेजारीच उभा होतो. त्यानं पोत्यावरून हात फिरवला.

"भावोजी, ही सगळी माझीच माणसं हायत," तो म्हणाला. "जन्मभर यांची तोंडं शिवली. आता ती माझ्या पिल्लांच्या पोटात चाललीत."

ही द्रव्यं खाद्यात अगदी चिमूटभर असतात, पण ती नसली तर हाडं धरत नाहीत, पिसं येत नाहीत. कंपनी ती मापानं मिसळूनच पाठवते. म्हणून तिचा पहिला नियम असा की खाद्यात बाहेरचं काही घालायचं नाही.

पावसाळ्यातली बॅच पायांत गेली. शेडचा पत्रा गळत होता, खाली पसरलेलं भाताचं तूस ओलं राहिलं आणि कोंबड्या धड उभ्या राहीनात. कंपनीची डॉक्टर सुरभी आली. वयानं लहान, बोलायला मऊ, पण मऊ बोलण्यातच तिनं सांगून टाकलं की पत्रा दुरुस्त करा, तूस कोरडं ठेवा, आणि पुढची बॅचही अशीच निघाली तर कंपनी इथे पिल्लं टाकणार नाही. ती गेल्यावर येसाजी बराच वेळ शेडच्या पायरीवर बसून राहिला. भागूबाईनं आत जाऊन दाभण लपवलं.

इथे माझा प्रवेश होतो. खरं तर पत्रा दुरुस्त झाला होता, तूस बदललं होतं, नवी पिल्लं आली होती आणि माझी गरज उरली नव्हती. पण गरज नसताना धावून जाणं हा माझा स्वभाव आहे. दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी मोबाइलवर व्हिडिओ बघतो. दोन-चार व्हिडिओत मी कोंबडीच्या पायांचा तज्ज्ञ झालो आणि येसाजीला म्हणालो, तांबं कमी पडतंय. तो म्हणाला, पोत्यावर तर लिवलंय तांबं. मी म्हणालो, ते कंपनीचं तांबं, आपलं वेगळं. आपले वाडवडील तांब्यातलं पाणी पीत आणि डोंगर चढत. कंपनीनं खाद्यात घालायला बंदी केली आहे, पाण्याबद्दल ती काही बोललेली नाही.

येसाजीला हे पटलं नव्हतं. त्याच्या तोंडावर दिसत होतं. पण आमच्याकडे बहिणीच्या नवऱ्याचा शब्द खाली पडू देत नाहीत. तो कधीकधी पडू द्यावा, असं माझं आताचं मत आहे.

त्याच्या घरच्या माळ्यावर तांब्याचा मोठा बंब होता. आमच्या लग्नात हळद उतरवायला त्यातच पाणी तापलं होतं. तो खाली काढला. काळा कुळकुळीत झाला होता, म्हणून मी बाह्या सरसावून तो चिंचेनं घासला, आतूनही. तांबं असं लखलखून निघालं की त्यात मला माझा चेहरा दिसला आणि तो मला आवडला. घासलेलं पाणी हिरवट झालं होतं. ते येसाजीला दाखवून मी म्हणालो, बघ, मळ केवढा होता. शेडमध्ये कोंबड्यांना औषधाचं पाणी द्यायला नळीवर एक छोटी प्लॅस्टिकची टाकी असते. ती काढून आम्ही तिथे बंब चढवला. बंबाला मुळातच तोटी, तिला नळी बसली. माझ्या आयुष्यात माझ्या हातून इतकं बिनचूक काही बसलं नव्हतं.

कंपनी एक आंबट औषध देते. ते पाण्यात घातलं की नळ्या आतून बुळबुळीत होत नाहीत. संध्याकाळी बंब भरायचा, त्यात ते औषध घालायचं, आणि रात्रभर तांब्यात मुरलेलं पाणी सकाळी कोंबड्यांनी प्यायचं, अशी व्यवस्था मी लावून दिली. आता आमच्या घरी तांब्याच्या लोट्यात कोणी ताक ओतलं तर मी जेवण थांबवून व्याख्यान देतो. शकूला ते पाठ आहे. पण ते ताक होतं आणि हे औषध होतं, आणि माझं डोकं एका वेळी एकाच भांड्यात मावतं.

कोंबड्या या वेळी ताठ उभ्या राहिल्या. तूस कोरडं होतं, राहणारच. श्रेय मी घेतलं. पळसदरी स्टेशनवर भेटेल त्याला मी तांब्याबद्दल सांगत सुटलो. मग खाद्य उरायला लागलं. वजनकाट्यावर कोंबड्या हलक्या भरायला लागल्या.

"भावोजी, खात नायत ओ," येसाजी म्हणाला.

मी त्याला समजावलं की अंगात खनिजं पोचली की जीव समाधानी होतो, अधाशीपणा जातो. त्यानं विचारलं की मग वजन कसं वाढायचं. त्यावर मी बंब दुपारीच भरून ठेवायला सांगितलं, म्हणजे पाणी जास्त मुरेल. भागूबाईनं मीठ-मोहरी घेऊन शेडची दृष्ट काढली. मी तिच्या अंधश्रद्धेला हसलो. खरं तर दृष्ट लागलीच होती, आणि ज्याची लागली तो मीच दारात उभा होतो.

कोंबड्या मरायला लागल्या तेव्हा येसाजीनं सुरभीला फोन केला. तिनं येऊन एक मेलेली कोंबडी उघडली. कलेजी-पेट्यातला पेटा आपण खातो, त्याच्या आतलं अस्तर पिवळं आणि चिवट असतं. ते इथे फाटून सोलवटलं होतं आणि त्यावर हिरवी झाक होती. ती म्हणाली, खाद्य तर सगळीकडे हेच जातंय, यांना पाणी कोणी काय पाजलं?

येसाजीनं माझ्याकडे पाहिलं. त्याला सांगता आलं असतं. पिल्लं बंद झाली तर त्याची होणार होती, माझं दुकान कर्जतला सुखरूप होतं. तो सुरभीकडे वळला आणि म्हणाला, "पाणी माझंच हाय. मीच भरतो."

तिथे मी गप्प बसायला हवं होतं, किंवा बोलायला हवं होतं. मी तिसरंच केलं. स्टीलचा पेला घेतला, बंबाची तोटी सोडली, पेला काठोकाठ भरला आणि म्हणालो की हे पाणी बाटलीतल्या पाण्यापेक्षा शुद्ध आहे, बघा. आणि एका दमात प्यायलो. जुनं नाणं चोखत लिंबू खाल्ल्यासारखी चव होती. चेहरा हसरा ठेवून मी प्राचीन आरोग्यशास्त्रावर एक वाक्य सुरू केलं. ते पूर्ण झालं नाही. कढीपत्त्याच्या झाडापर्यंत पोचलो, एवढीच त्यातल्या त्यात अब्रूची गोष्ट. झाडाला धरून मी वाकलो आणि सकाळच्या पोह्यांपासून सगळं विज्ञान बाहेर आलं.

सुरभीनं पाणी आणून दिलं, साधं, तिच्या बाटलीतलं. "बरं झालं काका," ती म्हणाली. "इतके दिवस हेच कोणीतरी सांगायला हवं होतं. कोंबड्यांना तुमच्यासारखं सांगता येत नाही."

मग तिनं बंबाचं झाकण काढून मोबाइलचा उजेड आत धरला. आत तांबं लख्ख होतं.

"रोज घासता का हा?"

"नाय," येसाजी म्हणाला. "बसवल्यावर कोनी हात पन नाय लावला."

"मग घासतं कोण?"

येसाजी आंबट औषधाच्या बाटलीकडे बघायला लागला. मी चिंचेच्या हिरव्या पाण्याचा विचार करायला लागलो. बंबाला रोज आंबट घासत होतं आणि घासलेलं सगळं कोंबड्यांच्या पोटात जात होतं. खाद्यात चिमटीनं तोललेलं तांबं, आणि वरून मी ओंजळीनं ओतलेलं.

सुरभीनं निकाल सांगितला. टाकी प्लॅस्टिकची, पाणी साधं. उरलेल्या कोंबड्या सावरून बऱ्या वजनावर गेल्या तर पुढची पिल्लं मिळतील, तीही निम्मीच, आणि दोन अटींवर. बंब शेडमध्ये नको. आणि ज्यानं बसवला तो माणूसही शेडमध्ये नको.

"कोणी बसवला?" तिनं विचारलं.

येसाजीनं "मीच" म्हणायला तोंड उघडलं. मी ओल्या तोंडानं जोत्यावर बसलो होतो. तिथूनच हात वर केला. वर्गात उत्तर येत असल्यासारखा हात वर करायची माझ्यावर ही पहिलीच वेळ.

ती येसाजीला म्हणाली, "यांना येऊ नका म्हणून सांगायला जमेल तुम्हाला?"

बंब काढणं सोपं होतं. बहिणीच्या नवऱ्याला दारात अडवणं त्याच्या सात पिढ्यांत कोणी केलं नव्हतं. तो बंबाची नळी सोडवायला लागला.

कोंबड्या सावरल्या. जरा हलक्याच, पण गेल्या. पिल्लांचा टेंपो आला त्या दिवशी मी सवयीनं पळसदरीला पोचलो आणि थेट शेडच्या फाटकाकडे निघालो. येसाजी फाटकात हात जोडून उभा होता. कपाळावर घाम होता.

"भावोजी," तो म्हणाला, "तुमी इथंच बसा."

आणि त्यानं बाजूला बोट दाखवलं. आंब्याखाली बंब होता, धूर निघत होता, शेजारी टॉवेल होता. माझ्या पायांना गरम पाणी. त्याच्याजवळ खाद्याच्या रिकाम्या पोत्याची गादी होती, आत तूस भरून चारी कडांना सुतळीनं घट्ट शिवलेली. माणूस किती घाबरला होता ते टाक्यांवरून कळत होतं. छापील बाजू त्यानं वर ठेवली होती. मी पाय धुतले आणि जस्त, मँगनीज, तांबं यांच्यावर बसलो.

आतून पिल्लांचा चिवचिवाट येत होता. थोड्या वेळानं येसाजी फाटकापाशी आला आणि आतूनच ओरडून म्हणाला, "पानी प्यायला लागली ओ, भावोजी. साधंच हाय."

भागूबाईनं मला लिंबाचं सरबत आणून दिलं. काचेच्या पेल्यात.