मानेतला नकलाकार

"हॉजकिन लिम्फोमा," कन्सल्टंट बाई म्हणाल्या आणि टिश्यूचा डबा माझ्याकडं सरकवला.

एरवी कुणी दोन वाक्यं बोललं की त्याची नक्कल मला जमते. बार्शीच्या शाळेत हेडसरांच्या आवाजात अख्ख्या वर्गाला सुट्टी देऊन छड्या खाल्लेला माणूस मी. पण त्या दिवशी मँचेस्टरच्या त्या हॉस्पिटलात माझा स्वतःचाच आवाज फुटेना.

लिम्फोमा म्हणजे रक्ताचाच एक कॅन्सर. रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींपैकीच एखादी बिघडते आणि वाढत सुटते. माझ्या मानेला सुपारीएवढी गाठ होती. दुखत नव्हती, म्हणून तीन महिने मी ती मफलरखाली ठेवली. झोपेत टी-शर्ट पिळावा इतका घाम यायचा, तर मी हीटिंगला शिव्या घालायचो. तुम्ही असलं काही करू नका. गाठ दुखत नसली तरी दाखवा.

बाहेर आल्यावर केतकीनं मला नीट समजावलं. केतकी तिथली ज्युनिअर डॉक्टर. लंडनजवळच्या पिनरमध्ये जन्मलेली, मराठी आजीकडून शिकलेली.

"तुझा गाठ आहे ना, त्याच्यात कॅन्सरचा सेल्स थोडासाच आहे. बाकी सगळे तुझे स्वतःचे इम्यून सेल्स."

"मग ते त्याला मारत का नाहीत?"

"तो त्यांना साइन दाखवतो. मी आपलाच आहे, डोन्ट अटॅक. मग ते गप्प बसतात. काही तर उलट त्याला वाढायला हेल्प करतात."

माझ्या मानेत एक नकलाकार बसला होता, माझ्यापेक्षा भारी. आणि माझेच वॉचमन चोराला चहा पाजत होते.

आईला सांगितलं नाही. फोनसाठी एक खास ठणठणीत आवाज तयार केला. "थोडं इन्फेक्शन आहे गं. जरा वीकनेस."

केमो सुरू झाली. दर दोन आठवड्यांनी खुर्चीत बसायचं, हाताला नळी. त्यातलं एक औषध लालभडक. ते दिसलं की मी खिडकीकडं बघत बसायचो. नर्स मॉरीन साठीची, सगळ्यांना ‘लव्ह’ म्हणणारी. मी तिच्या तोंडावर तिची नक्कल केली, तर म्हणाली, "चीकी! वात्रट कुठला. हात दे इकडं, लव्ह." दर वेळी ती विचारायची, "आणखी कुठली औषधं घेतोस?" मी म्हणायचो, "कुठलीच नाही."

खोटं नव्हतं. म्हणजे मला तसं वाटत होतं. मित्राचे आईवडील इकडं आले, त्यांच्या बॅगेतून आईनं गुळवेलीची पूड पाठवली होती. सोबत चिठ्ठी: रोज सकाळी काढा घे, प्रतिकारशक्ती वाढते. मी घेत होतो. आता घरच्या काढ्याला औषध कोण म्हणतं?

चौथ्या केमोच्या दिवशी केतकी खुर्ची ओढून शेजारी बसली. डॉक्टर उभ्यानं बोलला तर ठीक, बसला की घाबरायचं, एवढं मी शिकलो होतो.

"लिव्हरचा रिपोर्ट खराब आहे. आज केमो नाही. तू अजून काय घेतोस? खरं सांग."

"गुळवेल."

"ओ गॉड. माझी आजी पण सेम!"

"इम्युनिटी वाढावी म्हणून..."

"कोणाचं इम्युनिटी? गाठमधले सेल्स कोणाच्या बाजूने आहेत? गुळवेलनेच लिव्हर बिघडला असं मी शंभर टक्के नाही सांगू शकत. पण बंद. आजपासून. आणि आईला सांग."

तो आठवडा मी विसरणार नाही. बस स्टॉपवर, टेस्को सुपरमार्केटच्या लायनीत, सारखा मान चाचपत होतो. केमो नाही म्हणजे तो नकलाकार आत मोकळा फिरतोय. गाठ वाढली का? कालच्यापेक्षा कडक लागतेय का?

रविवारी दुपारी फोन लावला. "आई, मला कॅन्सर झालाय." या वेळी माझ्याच आवाजात.

पलीकडं कुकरची शिट्टी झाली. गॅस बंद केल्याचं ऐकू आलं.

"गाढवा," आई म्हणाली, "दोन महिने मला तुझीच नक्कल ऐकवत होतास होय रे? काहीतरी लपवतोयस, एवढं कळत होतं मला. म्हणून तर पाठवली पूड." मग ती रडली. लिव्हरचं आणि केतकीनं पूड बंद केल्याचंही मी सांगितलं. मग म्हणाली, "फेकून दे ती. आता त्या डॉक्टरीणबाईंना विचारल्याशिवाय पाणीसुद्धा पिऊ नकोस."

आठवड्यानं लिव्हर सुधारलं, केमो झाली. मग पेट स्कॅन. त्यात अंगात साखरेसारखं औषध सोडतात. कॅन्सर भुकेला असतो, ते खातो आणि फोटोत चमकतो. रिझल्टच्या दिवशी वेटिंग रूममध्ये एकच पोस्टर मी चाळीसदा वाचलं. एक अक्षर डोक्यात शिरलं नाही.

कन्सल्टंट बाई उभ्याच होत्या. "मानेत काही चमकत नाहीये," त्या म्हणाल्या. "पण अजून केमो बाकी आहेत."

भीती गेलेली नाही. आंघोळ करताना हात अजून मानेकडंच जातो. पण आता आईला रोज खरं सांगतो. परवा मॉरीननं परत विचारलं, "आणखी काही घेतोस, लव्ह?"

"आल्याचा चहा. एक कप. आणि रोज सकाळी फोनवर आईच्या शिव्या."

तिनं दोन्ही लिहून घेतलं. "दुसरं बंद करू नकोस," म्हणाली.