मंगलची दहा मिनिटं

आम्हा आशा सेविकांच्या मीटिंगमध्ये रजिस्टरं भरता भरता किस्सेच जास्त निघतात. बाकीचे किस्से आम्ही हसण्यावारी नेतो, पण ध्यानाचा विषय निघाला की मला मंगल आठवते आणि हसू येत नाही.

मंगल पाटोद्याकडच्या एका खेड्यातली आशा. पस्तिशीतच तिचं बीपी वाढलं. डॉक्टर मॅडमनी बजावलं, "गोळी घे आणि रोज दहा मिनिटं डोळे मिटून गप बस. नाहीतर एखाद्या दिवशी रस्त्यात पडशील." मग मॅडमनी आम्हा सगळ्यांनाच ध्यानाला बसवलं. "फक्त श्वासाकडं लक्ष द्या."

मिनिटभरात मंगल म्हणाली, "मॅडम, बावीस भरले."

न्युमोनियाच्या लेकरांचे श्वास घड्याळ लावून मोजायची सवय आमची. तिला दुसरं काय सुचणार?

*

घरी तिनं पहाटेची वेळ ठरवली. सासूबाई म्हणाल्या, "बस की, कोण न्हाई म्हणतंय? पण आठ दिसांनी आज पानी सुटनार हाय."

मंगल हंडे घेऊन उठली.

*

मग तिनं मोबाईलवर ध्यान लावलं. त्यातली बाई गोड आवाजात म्हणाली, "सगळ्या चिंता सोडून द्या." तेवढ्यात फोन वाजला. "ताई, हिला कळा सुरू झाल्यात."

मी म्हणाले, "फोन बंद करून बसायचं ना." ती म्हणाली, "तू करतीस का बंद?"

मी कधीच केलेला नाही. एखादी अडली आणि आपला फोन लागला नाही तर, ही धास्ती माझ्याही मनातून जात नाही.

*

शेवटी दुपारी ती देवळात जाऊन बसली. संध्याकाळी नवऱ्यानं विचारलं, "देवळात रडत बसलतीस म्हनं?"

"रडत न्हवते. गप बसलते."

"गप कावून बसलतीस?"

रडले म्हणाली असती तर त्याला पटलं असतं.

*

मागच्या महिन्यात लसीकरणाच्या दिवशी मंगल खरंच चक्कर येऊन पडली. सगळं घर हादरलं. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी स्वतः परात ओढली आणि म्हणाल्या, "भाकरी मी टाकते. तू बस." मंगल भिंतीला टेकून बसली आणि तिनं डोळे मिटले.

सात वर्षांची लेक शाळेतून आली. दप्तर न काढताच थबकली. मग हळूच जवळ जाऊन तिनं आईच्या नाकाखाली बोट धरलं. बराच वेळ धरलं.

आणि चुलीकडं तोंड करून म्हणाली, "आज्जे, आई जित्ती हाय."