गवतातलं खाकरणं

"पाचच मिनिटं थांबव रे निखिल. इथं कोण बघतंय?"

आत्या पुढे वाकून हे अगदी हळू बोलली, पण मी तिच्या शेजारीच बसले होते. मला ऐकू आलं. निखिल, म्हणजे तिचा मुलगा, गाडी चालवत होता.

"मम्मी, हा कसारा घाट नाहीये. इथे गाडीतून उतरायला बंदी आहे. गेटवर बोर्ड वाचलास ना?"

"बोर्ड वाचून शुगर थांबते का?"

"सकाळपासून सांगतोय, एवढं पाणी पिऊ नको," निखिलचे बाबा, म्हणजे काका, पुढच्या सीटवरून म्हणाले.

आधी एक सांगते... या सदरातले अनुभव मी जेवताना वाचते, करमणूक म्हणून. भूत, चकवा, कुणीतरी मागून हाक मारली — मला कधीच काही खरं वाटलं नाही. कुणी माझ्यावर हसलं तर मी वाद घालणार नाही. फक्त जे झालं ते लिहितेय.

निखिल जोहान्सबर्गला नोकरी करतो. ऑगस्टमध्ये आत्या-काका त्याच्याकडे निघाले, सोबत म्हणून मलाही घेऊन गेले. नाशिकमधून थेट आफ्रिकेतल्या क्रूगरच्या जंगलात. तीन दिवस आम्ही स्वतःच्या गाडीने फिरत होतो. त्या दिवशी सकाळपासून हत्ती, जिराफ, झेब्रे, सगळं झालं होतं. दुपारचे तीन वाजले असतील. डांबरी रस्ता, पुढेमागे एकही गाडी नाही, दोन्ही बाजूंना कमरेएवढं वाळलेलं गवत. पुढचा कॅम्प तासाभरावर.

शेवटी निखिलने गाडी थांबवली. इंजिन आणि एसी चालूच ठेवला. "दार उघडंच ठेव. आणि लवकर."

उतरू नको, असं म्हणायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण मोठ्यांना अडवायची मला सवय नाही. मी तोंड दुसऱ्या खिडकीकडे वळवलं.

आत्या उघड्या दाराच्या आडोशाला, मागच्या चाकापाशी बसली. तिच्यापासून गवत फार तर दोन हातांवर.

तेव्हा गवतातून कुणीतरी खाकरलं.

आधी एकदा, आखूड. मग लांब, घसा पूर्ण मोकळा करून.

हे खाकरणं मी लहानपणापासून ऐकलंय. आजोबांचं. आत्या त्यांना नाना म्हणायची. नाशिकजवळ मखमलाबादला आमचा झेंडू-शेवंतीचा मळा आहे, तिथे आता बिबट्या ही काही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. आजोबा पहाटे मळ्यात पाय टाकायच्या आधी असे खाकरायचे, आणि घरात शिरतानाही. म्हणायचे, "जनावर असो नाहीतर सून, आपण आलोय ते आधी कळवावं. उगाच कुणाला दचकवू नये." घराच्या उंबऱ्याशी मात्र खाकरून झालं की चपला काढून एकमेकींवर दोनदा आपटायचे, माती झटकायला. तो आवाज आला की घरातल्या बायका पदर सारखा करायच्या आणि आई चहाचं आधण ठेवायची. कारण चपला झटकल्या म्हणजे आजोबा आत येणार.

आजोबांना जाऊन चार वर्षं झाली.

मी वळले तर आत्या उभी राहिलेली. ओढणी डोक्यावर घेतलेली. घाई नाही, घाबरणं नाही... घरात कुणी मोठं आल्यावर वाट देतात तशी ती गाडीत येऊन बसली आणि तिने दार ओढून घेतलं.

"झालं पण?" निखिलने विचारलं.

ती काही बोलायच्या आत गवत हललं. मागच्या चाकापाशी, ती बसली होती बरोबर तिथे, बिबट्या बाहेर आला. त्याने जमीन हुंगली, एकदा वर बघितलं आणि गाडीला वळसा घालून रस्ता ओलांडून गेला.

"मम्मी..." निखिलने घाईघाईने सगळी दारं लॉक केली. काकांच्या मांडीवर कॅमेरा तसाच पडून होता.

आत्या म्हणाली, "नाना खाकरले. म्हणून उठले मी."

पुढे एसीच्या आवाजात त्या दोघांना काहीच ऐकू आलं नव्हतं. काकांना हसू आलं. भीती गेल्यावर माणूस हसतो, तसं.

"तुझे नाना? अगं, आपण पळून लग्न केलं म्हणून त्या माणसाने मरेपर्यंत माझ्या दारात पाय ठेवला नाही. निखिलच्या बारशाला येऊन गेटवर रिक्षात बसून राहिले. आणि आता आफ्रिकेत येतील?"

आत्या खिडकीकडे वळली. मग माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "ईशा, तुला काही आलं का गं ऐकू?"

आरशातून निखिल माझ्याकडे बघत होता. मी नुसतेच खांदे उडवले.

कॅम्पवर निखिलने तिथल्या गार्डला विचारलं. तो म्हणाला, बिबट्याचा आवाज खोकल्यासारखाच असतो, पुष्कळ लोक फसतात. झालं, सगळ्यांचं समाधान झालं. मीसुद्धा मोबाईलवर बिबट्याचे आवाज शोधून ऐकले. करवतीसारखा, खरखरीत. थोडंफार साम्य आहे, नाही असं नाही... पण मग त्यानंतरचं काय? मला आजही त्याचं उत्तर सापडलेलं नाही. कुणाला माहीत असेल तर सांगा.

कारण खाकरण्यानंतर मी अजून एक आवाज ऐकला होता. आत्याने त्याचा उल्लेख केला नव्हता. तिने ऐकला नाही, की ऐकूनही तो बोलायचं तिला धाडस झालं नाही, मला कळत नव्हतं.

कॅम्पच्या बाकावर काका सगळ्यांना सँडविच वाटत होते. "घे गं, नानांनी पाठवलंय," ते आत्याला म्हणाले. निखिल हसला. आत्याने सँडविच हातात घेतलं आणि तसंच धरून ठेवलं. ती अधूनमधून मान वळवून गाडीच्या दाराकडे बघत होती. मला बसवेना. मी उठले, पाण्याची बाटली भरून आणली, पुन्हा बसले, पुन्हा उठले. ती एवढ्या माणसांत एकटी पडली होती आणि मला ते बघवत नव्हतं.

"वेडी झाले बहुतेक मी," ती स्वतःशीच म्हणाली.

मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. काका, निखिल, सगळे ऐकत होते.

"मी पण ऐकलं, आत्या," मी म्हणाले. "खाकरले, आणि मग चपला झटकल्या. दोनदा."