पाणी नको म्हणणारी देवी

डोंगरगणच्या वरच्या अंगाला, रस्ता संपून निवडुंग सुरू होतं तिथं, पुण्याच्या काकासाहेबांचा बंगला होता. हवा खायला बांधलेला. आता हवा काय, आमच्याकडे फुकट आणि हवी तेवढी; तिच्यासाठी कुणी दगडी घर बांधावं हे गावाला शेवटपर्यंत उमगलं नाही. काकासाहेब वर्षातून चार-सहा वेळा शनिवारी संध्याकाळी मोटारीतून यायचे आणि रविवारी परत जायचे. एरवी बंगला रिकामाच.

रिकामा म्हणजे बायडाबाई असायची तिथं. पण ती कुणी मोजत नसे.

बायडाबाई मूळची खर्ड्याकडची. नवऱ्याचं नाव श्रीमंत. श्रीमंती काय ती नावातच, बाकी एक कोयता आणि उसनी बैलजोडी. दिवाळी सरली की दोघं ऊसतोडीला श्रीरामपूरच्या बाजूला जायची, फडाच्या कडेला पाचटाची कोपी घालून राहायची. अशाच एका संध्याकाळी श्रीमंतानं कोपीच्या कोपऱ्यात कोयत्यासाठी हात घातला आणि कोयत्याच्या आधी हाताला पान लागलं. डसलेलं जनावर दिसलंसुद्धा नाही. तिकडं लांबवर साखर कारखाना दिव्यांनी नुसता लखलखत होता, तेवढं आभाळ उजळून गेलं होतं, आणि इकडं नवऱ्याचं शेवटचं तोंड बघायला तिला काडी ओढावी लागली.

“त्यातला येक दिवा आमच्या कोपीवर असता तर…” एवढंच ती म्हणायची. पुढं कोयता तिनं हातात धरला नाही. दूरच्या पाहुण्यांनी तिला काकासाहेबांकडे लावून दिलं. बंगल्यामागची पत्र्याची खोली राहायला मिळाली. माघारी जायला घर नव्हतंच. होतं ते पत्र्याचं तेवढंच.

काम सोपं. झाडलोट करायची, बोगनवेल जगवायची आणि रोज दिवेलागणीला व्हरांड्यातला बल्ब लावायचा.

“कुनासाठी, सायेब?” तिनं पहिल्याच दिवशी विचारलं.

“चोरांसाठी. घरात माणूस आहे असं वाटलं पाहिजे त्यांना,” काकासाहेब म्हणाले.

त्या संध्याकाळी तिनं भीत भीत खटका दाबला. ना तेल, ना वात, ना काडी, आणि सगळा व्हरांडा, पायऱ्या, पार फाटकाजवळचा निवडुंग एकदम पुढ्यात येऊन उभा राहिला. बायडाबाई मटकन खाली बसली. कारखान्याचे दिवे तिनं लांबून पाहिले होते, ते दुसऱ्यांचे होते. हा तिच्या बोटानं लागला होता! तिनं हात जोडले. दिवा लागला की आपण सगळेच जोडतो. पण तिचे ते हात लवकर सुटेनात.

दुसऱ्या दिवसापासून ती या दिव्याचं मूळ शोधायला लागली. तारेमागं बघत बघत ती आतल्या बोळात आली. काकासाहेब हौशी माणूस. भिंतीवर मीटर आणि वायरी उघड्या दिसू नयेत म्हणून त्यांनी कोनाडा करून घेतला होता, त्याला सागवानी नक्षीची दोन छोटी दारं, पितळी कडी. बायडाबाईनं दारं उघडली. आत लाकडी फळी, वर गुणगुणणारं काळं मीटर आणि खाली फ्यूजच्या, चिनीमातीच्या दोन पांढऱ्याशुभ्र मुठी, शेजारी शेजारी, देव्हाऱ्यात टाक मांडावेत तशा. आता तुम्हीच सांगा, याला देव्हारा नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

मग शुक्रवारची पूजा सुरू झाली. दुपारी कोनाड्यापुढं पाट ठेवून ती त्यावर उभी राहायची, दोन्ही मुठींना ओलं हळदीकुंकू लावायची, विड्याच्या पानानं पाणी शिंपायची, गुळाचा खडा दाखवायची. कधी कधी आतून सुर्र असा बारीक आवाज यायचा. देवी हुंकार देते, असं तिला वाटायचं आणि अंगावर काटा यायचा. भीती म्हणावी तर ती भीती नव्हे. इतकी मोठी शक्ती, जिच्यावर कारखाने चालतात, ती या रिकाम्या घरात आपल्यासारखीशी बोलते, यानं तिचा ऊर भरून यायचा.

आणि मग लाईट जायला लागली.

रोज नव्हे. कधी शुक्रवारी संध्याकाळी खटका दाबला तरी अंधार, तर कधी लख्ख उजेड. कशाचा कशाला मेळ नाही. मग छगन वायरमनला निरोप जायचा. तो दोन-तीन दिवसांनी सायकल रेटत चढ चढून यायचा, फ्यूज उडालाय म्हणायचा, नवी तार घालायचा. तोवर त्या उन्हाळ्यात सगळं वाळून ठणठणीत झालेलं असायचं. हळदीकुंकू त्याला दिसायचं. पण त्यात बघण्यासारखं काय होतं? विहिरीवरच्या मोटारीला कुंकू, पिठाच्या गिरणीला कुंकू, त्याच्या सायकलच्या दांडीलासुद्धा दसऱ्याचं कुंकू. तोही जाताना हात जोडायचा.

“मावशी, बंगला बंद, येक बल्ब लागतोय, आन्‌ फ्यूज उडतोय,” एकदा तो आवाज बारीक करून म्हणाला. “रिकाम्या घरात लाईट खातंय कोन?”

झालं! एवढं वाक्य गावात जायचा अवकाश. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायांनी त्याला हातपाय लावले आणि बंगल्यात भूत उठलं. बायडाबाई त्यावर हसायची. भूत कसलं? तिथं देवी होती.

पण काकासाहेबांना ना भूत ठाऊक होतं ना देवी. ते शनिवारी यायचे आणि लागोपाठ दोन वेळा त्यांना अंधार भेटला. दुसऱ्या खेपेला सोबत त्यांची म्हातारी आई होती. व्हरांड्याच्या पायरीवर तिचा पाय मुरगळला. काकासाहेब एरवी मऊ बोलणारे, पण त्या दिवशी त्यांचा तोल गेला.

“बायडाबाई, एक दिवा लावायचा, तेवढं काम आहे तुमचं. पुढच्या शनिवारी मी येतोय. पुन्हा अंधार दिसला तर मला दुसरा माणूस बघावा लागेल.”

तिनं मान हलवली. दुसरा माणूस म्हणजे तिचं पत्र्याचं छप्पर गेलं, हे तिला कळत होतं. कुठं जायचं? खर्ड्याकडं तर बहात्तरच्या दुष्काळानं माणसंच गावं सोडून निघाली होती. त्या रात्री तिला झोप आली नाही, आणि पहाटे तिच्या मनात आलं, आपलंच काही चुकतंय. देवी कोपलीय. आपण पानावरच्या थेंबांनी तिची बोळवण करतोय.

त्या आठवड्यात गावात टँकर एकदाच आला. वाट्याला आलेली घागर बायडाबाईनं जपली. स्वतः अर्ध्या तांब्यावर दिवस काढला, बोगनवेल सुकू दिली. शुक्रवारी ती न्हाली नाही. ते पाणीसुद्धा देवीसाठी ठेवलं. दुपारी तिनं पाट मांडला, दारं उघडली, कुंकवाचे मळवट भरले आणि भरला तांब्या दोन्ही हातांनी वर उचलला.

“आई,” ती म्हणाली, “माज्यापाशी हाये ते समदं घे. पन उद्या उजेड दे.”

आणि तिनं अभिषेक केला.

फाटकातून आत येणाऱ्या छगनला आधी धडाका ऐकू आला. त्याला तिनंच निरोप धाडला होता, शनिवारच्या आधी एकदा बघून जा म्हणून. तो सायकल टाकून धावला. बोळात जळका वास, कोनाड्याची दारं काळवंडलेली, तांब्या घरंगळून लांब गेलेला, आणि पाटाशेजारी बायडाबाई भिंतीला टेकून बसलेली. डोळे सताड उघडे, हाताला झिणझिण्या.

“दिसली,” ती म्हणाली. “निळी हाय रं ती. निळीशार.”

छगननं कोनाड्यात पाहिलं. फळीवरून पाणी ठिबकत होतं, कुंकवाचे ओघळ एका मुठीवरून दुसरीवर गेले होते. तोही तिच्यासमोर खाली बसला.

“मावशी… दर शुक्रवारी?”

“व्हय. थोडं थोडं. आज समदं घातलं.”

“अगं, तिला पानी चालत न्हाई! वल्या हातानं शिवायचं न्हाई तिला, घोटबी दावायचा न्हाई. त्योच फ्यूज उडवतोय. या पाटावर हुतीस म्हून वाचलीस, कोरड्या लाकडानं वाचवलं. खाली फरशीवर असतीस तर…”

बायडाबाईनं आपले ओले हात पाहिले. म्हणजे अंधार करत होते ते आपलेच हात. ते तिला बोचलंच. पण त्याहून मोठं काहीतरी तिच्या मनात उतरत होतं. या साली माणूस पाणी मागत होता, गुरं मागत होती, झाडं मागत होती, देवळातले देवसुद्धा पाण्यात कोंडले होते पाऊस पाड म्हणून. आणि ही एकटीच, एवढी बळाची, पाणी नको म्हणत होती.

“आन्‌ मी तिला माज्या तोंडचं पानी पाजत हुते,” ती हळूच म्हणाली.

छगननं फळी उन्हात वाळवली, नवे फ्यूज बसवले. जाताना त्याचेही हात जोडले गेले, पण या खेपेला त्यानं ते आधी सदऱ्याला पुसले.

शनिवारी मोटार चढ चढून आली तेव्हा व्हरांड्यात दिवा होता. काकासाहेब खूश झाले. “सापडला का दोष?” त्यांनी विचारलं.

गप्प राहिली असती तरी चाललं असतं. पण देवीचं खोटं सांगायचं कसं? “मीच हुते, सायेब,” ती म्हणाली आणि पाट, पान, तांब्या, निळा जाळ, सगळं सांगून मोकळी झाली. सांगताना तिचा हात आपोआप खोलीकडं गेला. तिनं बोचकं बांधून ठेवलं होतं.

काकासाहेब शिकलेले. तांब्यापाशी कथा आली तेव्हाच त्यांचा चेहरा उतरला. “अहो, तुम्ही कधीतरी मेला असतात इथं. आणि आम्हाला पत्ताही लागला नसता. घर रिकामं…” ते मध्येच थांबले.

“रिकामं कुठं, सायेब?” बायडाबाई भोळेपणानं म्हणाली. “मी हुते की.”

काकासाहेबांनी दिव्याकडं पाहिलं, मग बंगल्यामागं पाहिलं. तिथं पत्र्याच्या खोलीत रॉकेलची चिमणी मिणमिणत होती. जणू ती त्यांना आजच दिसली. रविवारी परत जाताना मोटार खाली छगनच्या दारात थांबली.

पुढच्या आठवड्यात छगननं बंगल्यातून मागच्या खोलीपर्यंत तार ओढली, आढ्याला बल्ब टांगला, दाराशी खटका बसवला आणि तो गेला. बायडाबाई दिवेलागणीपर्यंत थांबली. मग तिनं हात पदराला पुसले, पुन्हा एकदा पुसले, कोरडे खडखडीत केले आणि खटका दाबला.

हात जोडायच्या आधी तिनं खोलीचे चारी कोपरे पाहिले. बोचक्यामागं पाहिलं, चुलीमागं पाहिलं, पाटाखाली पाहिलं.

“धनी,” ती आपल्या श्रीमंताला म्हणाली, “बगा. समदं दिसतंय.”