बुंध्याखालचा खांदा

शिमग्याला आमच्या वाडीत होळीसाठी आंब्याचं झाड तोडून खांद्यावरून आणतात. देवळासमोरच्या सहाणेपर्यंत, म्हणजे पालखी ठेवायच्या चौथऱ्यापर्यंत, ते जमिनीला टेकवायचं नाही, असा रिवाज आहे. बुंधा पुढे असतो. त्याखालची पहिली जागा बरीच वर्षं माझ्या काकांची होती. काका चिरेखाणीवर काम करायचे. त्यांचा दंड माझ्या दोन पंजांत सहज मावतो. यंदा त्यांचा गुडघा धरला होता, म्हणून ती जागा त्यांच्या मुलानं मागितली.

हा चुलतभाऊ मुंबईत जिममध्ये शिकवतो. वडिलांची जागा घराबाहेर जाऊ नये म्हणून वर्षभर तो जास्तीची वजनं उचलत होता. सकाळी त्यानं बनियनवर कंबर कसली, तेव्हा एकजण म्हणाला, "ह्याचा दंड माझ्या मांडीएवढा. चला, आपण घरी जाऊ. झाड एकटाच नेईल हा."

झालं जवळजवळ तसंच. आरोळी झाली आणि भावानं बुंधा जोर लावून वर घेतला. उंचीनंही तो आमच्यापेक्षा जास्त. मी त्याच्या मागे तिसरा होतो. माझा खांदा आणि खोड यांच्यामध्ये बोटभर फट पडली. मला बरं वाटलं, आणि मी काही बोललो नाही.

घाटीच्या चढावर त्याच्या पोटऱ्या थरथरू लागल्या. काका काठी टेकत बाजूनं चालत होते.

"बाबू, उचलतोस कशाला? गुडघे सोड जरा."

"सोडले तर पडेल, बाबा."

"मागं माणसं हायत ना? त्यांना पण घेऊ दे."

भाऊ अर्धी वीत खाली आला. त्याच क्षणी माझी मान वाकली. तोपर्यंतचा चढ त्यानं आम्हा मागच्यांचंही ओझं घेऊन काढला होता, हे तेव्हा कळलं. ताकद त्याच्यात होतीच. पण जिममध्ये वजन वर जातं, मोजून खाली येतं, आणि ते एकट्याचं असतं. काकांच्या अंगात, दुसऱ्याच्या खांद्याचा अंदाज घेत तासभर न थांबता सोसायची सवय होती. ती दंडावर दिसत नाही.

चढ संपल्यावर भाऊ स्वतःच म्हणाला, "बाबा, मला मागं घ्या."

काकांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग त्यांनी शेजारच्या ठेंगण्या, पोट सुटलेल्या टेम्पोवाल्याला खुणेनं पुढे बोलावलं. जागा घराबाहेर गेली. भावानं माझ्या पुढेच झाडाला खांदा लावला आणि तो गुडघे किंचित वाकवून चालू लागला.

थोड्या वेळानं त्यानं मान न वळवता विचारलं, "दादा, आता येतंय तुझ्यावर?"

"येतंय."

"मघाशी येत नव्हतं?"

"नव्हतं."

"मग बोलायचंस की रे."